पार्बताबाईचा एक दाणा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको. अमरावतीच्या राजापेठेतून एसटीने गुरुकुंज मोझरीपर्यंत यायचं, तिथे एका पानठेल्यामागे ठेवलेली स्कुटी काढायची, हायवेने तिवस्याच्या बाजूला जायचं आणि फाट्यावरून तीन किलोमीटर आत शिरायचं. पावसाळ्यात तर काळ्या मातीचा चिखल चाकात असा बसतो की गाडी मी नेते का गाडी मला नेते तेच समजत नाही. नऊ वर्षं झाली. शाळेच्या फाटकाशी उतरेपर्यंत डोकं तापलेलं असायचं, आणि पहिला आवाज यायचा पार्बताबाईचा. "आल्या काय मॅडम? च्या ठेवू काय?" तो चहा पोटात गेला की मी जरा माणसात यायची.

पार्बताबाई आमच्या जिल्हा परिषद शाळेत पोषण आहार शिजवायची. एकोणीस वर्षं. मी या शाळेत रुजू झाले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले होते, दामिनी मॅडम, काही अडलं तर मला विचारू नका, तिला विचारा. तेव्हा मला तेही आवडलं नव्हतं. पण खरंच, कोणत्या लेकराचा बाप पिऊन येतो, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोण घरून उपाशी आलंय, हे रजिस्टरात नव्हतं, तिच्याजवळ होतं. थाळी दोन हातांनी धरतो तो उपाशी आलेला, असं तिचं म्हणणं. त्याच्या थाळीत ती न विचारता एक पळी जास्त टाकायची.

नियम असा की लेकरांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि चव रजिस्टरात शेरा लिहायचा. मी घास तोंडात टाकला की पार्बताबाई हातात झाकण घेऊन समोर उभी. मी 'छान' लिहायची. मग तिची मदतनीस खुर्शीदबी मागून म्हणायची, "मीठ कम है, मॅडम, सच लिखो." या दोघींचं मिठावरून रोज वाजायचं. अकरा वर्षं एका चुलीवर काढली दोघींनी, एक कापायची, एक ढवळायची, आणि मिठाचा निकाल काही लागला नाही.

पार्बताबाईच्या घरी तिची एकच नात, आकांक्षा. आई लहानपणीच वारलेली. बाप पुण्याकडे कंपनीत गेला तो तिकडचाच झाला. आजीने पोर सांभाळली. पोर हुशार. स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर कोळशाने गणितं सोडवायची, आणि आजी दर दिवाळीला ती भिंत रंगवताना गणितांचा तेवढा तुकडा सोडून द्यायची. त्या वर्षी आकांक्षा सातवीत होती. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला तिवस्याला जावं लागतं, आणि तिवस्याला जायला बस फाट्यावरून मिळते. पोरं सायकलीवर जातात, एका मोटरसायकलवर तिघं जातात. पोरी घरी बसतात. मागच्या तीन वर्षांत माझ्या हातून सातवी पास होऊन अकरा पोरी घरी बसल्या होत्या. त्यातल्या चौघींची तर लग्नं पण ठरली. मी काय केलं? मी दाखले दिले.

आता निवडणुकीचं सांगते. शाळा व्यवस्थापन समिती असते, पालकांची. तिचा अध्यक्ष दर दोन वर्षांनी निवडायचा. आजवर निवडणूक नावालाच व्हायची. नाव आधी ठरलेलं, सभेला वीस-पंचवीस लोक, सह्या, चहा, झालं. त्या सप्टेंबरात मात्र दोन नावं आली. एक किशोर. त्याचा पोरगा पियुष दुसरीत. किशोर शिकलेला, शेती करतो, मोबाइलवर सगळ्या योजना पाहतो. त्याने सरळ सांगून टाकलं होतं की दोन कामं करणार. पोरींसाठीची निळी बस फाट्यावरून गावात आणणार, आणि शाळेतली चूल बंद करून तिवस्याच्या बचत गटाकडून गाडीने जेवण मागवणार, म्हणजे त्या खोलीत कॉम्प्युटर बसवता येतील. दुसरा शाकीब, खुर्शीदबीचा पोरगा. मोटारपंप दुरुस्त करतो. त्याची गजाला आकांक्षाच्याच वर्गात, आणि एक पोरगा तिसरीत. शाकीबचं म्हणणं, चूल राहू द्या, दोन बायांचं काम जाऊ देणार नाही. आणि बस काही समितीच्या हातची गोष्ट नाही, जे होत नाही ते मी बोलत नाही.

दोघंही साधे, दोघंही खरे. तिथेच घोटाळा झाला.

घोटाळा असा, की गावाला पार्टी नसलेली निवडणूक समजेचना. सभेच्या दोन दिवस आधी पुंजाजी नावाचे एक पालक नोटीस घेऊन माझ्याकडे आले. पार्टी कोणती म्हणाले. मी म्हटलं, पार्टी नसते. मग निशाणी? निशाणी पण नसते. मग ओळखायचं कसं? मी म्हटलं, अहो, किशोर तुमच्या भिंतीला भिंत लावून राहतो, त्याला ओळखायला निशाणी कशाला पाहिजे? पुंजाजी मान हलवत गेले, पण त्यांचं समाधान झालं नाही, आणि आता विचार केला तर त्यांचंच बरोबर होतं असं वाटतं. पार्टी असली की माणसाला नाही म्हणता येतं. आमचं तिकडे आहे बावा, म्हटलं की समोरचा समजून घेतो, राग धरत नाही. इथे पार्टीच नाही, तर दारात आलेल्याला नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने? किशोर घरोघरी गेला, शाकीब घरोघरी गेला. दोघांनी चहा घेतला, दोघांना घरोघरी 'हो' मिळालं. पार्बताबाईने पण दोघांना 'हो बापू' म्हटलं.

नियमाप्रमाणे अध्यक्ष समितीच्या सदस्यांनी निवडायचा, पण सदस्य म्हणाले आम्हाला वाईटपणा नको, सगळ्या पालकांनाच विचारा. मुख्याध्यापक प्रशिक्षणाला अमरावतीला. म्हणजे मी अमरावतीहून इथे आणि ते इथून अमरावतीला. सगळं माझ्या गळ्यात.

हात वर करून मत घ्यायचं तर भांडणं होणार. चिठ्ठीवर नाव लिहायचं तर काही जणांना लिहिता येत नाही, ते दुसऱ्याकडून लिहून घेणार, मग गुप्त काय राहिलं? मी डोकं चालवलं. पोषण आहाराचा अख्खा हरभरा होता. एका पालकाला एक दाणा. स्वयंपाकखोलीत दोन डबे ठेवायचे, निळ्या झाकणाचा किशोरचा, लाल झाकणाचा शाकीबचा, वर दोघांचे फोटो चिकटवलेले. आत जायचं, दार ओढून घ्यायचं, दाणा टाकायचा, बाहेर यायचं. शाळेत आतून कडी लागणारी तेवढीच खोली धड होती. चूल ठेवायची का बंद करायची, याचं मत चुलीसमोरच पडणार होतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

दाणे पार्बताबाईने निवडून दिले. "किडका एकबी नाही, मॅडम," म्हणाली.

आता परिपत्रकात 'पालक' एवढंच लिहिलेलं. घराला एक मत का आईला एक आणि बापाला एक, हे कोणी लिहावं? मी तीनदा वाचलं. शेवटी ठरवलं, रजिस्टरात पालक म्हणून जितकी नावं तितके दाणे. आईबाप दोघं असतील तर दोन. आणि दोघांतलं एकच आलं असेल, तर जो आला त्याच्या हाती घरचे दोन्ही. इथे मी चुकले. पण सांगायला कोण होतं?

बत्तीस घरांची दोन-दोन नावं निघाली. एकाच लेकरापुढे एकच नाव होतं. आकांक्षा, पालक: आजी. एकूण पासष्ट दाणे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि सभा भरली. मी भाषण केलं. मला भाषण करायला आवडतं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, हे मत तुमचं नाही. तुम्ही फक्त ते घेऊन आलात. मत तुमच्या लेकराचं आहे. दाणा टाकताना शेजारधर्म पाहू नका, नातं पाहू नका, स्वतःचा फायदा पाहू नका. आपल्या लेकराचं काय होईल तेवढं पाहा. बोलताना माझं मलाच भरून आलं. समोर कोणाचा तरी फोन वाजत होता, दोघं-तिघं सोयाबीनच्या कापणी-सोंगणीचं बोलत होते, एक बाई लेकराचं नाक पुसत होती. स्वयंपाकखोलीच्या दारात पार्बताबाई हातात चहाची गाळणी घेऊन उभी होती. ती तेवढी ऐकत होती.

मतदान फटाफट झालं. माणूस आत जायचा, लगेच बाहेर. कोणाच्या चेहऱ्यावर काही विचार केल्याची खूण नाही. मला बरं वाटलं, म्हटलं लोकांचं ठरलेलं दिसतं. पार्बताबाई सगळ्यात शेवटी, कारण ती चहा देत होती. ती आत गेली आणि तिने कडी लावली.

बराच वेळ झाला. लोक हसायला लागले. मग आतून आवाज आला, टक. वरवंटा पाट्यावर आपटल्यासारखा. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि कोणाकडे न पाहता भांड्यांकडे गेली.

मी डबे बाहेर आणले, टेबलावर वर्तमानपत्र टाकलं, सगळ्यांसमोर निळा डबा ओतला. बत्तीस. लाल डबा ओतला. बत्तीस. आणि दोन्हीकडे, दाण्यांच्या ढिगात, एक-एक पिवळी डाळ. हरभऱ्याचा दाणा मधोमध फोडून अर्धा इकडे टाकलेला, अर्धा तिकडे.

मी ती डाळ हातात घेऊन उभी राहिले. नऊ वर्षांची नोकरी, तीन निवडणुकांत बूथवर बसलेली मी, पण साडेबत्तीस मतं मी कधी मोजली नव्हती. लोक आधी हसले. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण बाकीचं पण लोकांच्या ध्यानात यायला लागलं. बत्तीस आणि बत्तीस कसे झाले? मी पुंजाजींना विचारलं. ते अगदी सरळ म्हणाले, "आमी एक याले टाकला, एक त्याले. दोघायले हो म्हणलं होतं नं. काहून, चुकलं काय?"

सगळ्या घरांनी तेच केलं होतं. किशोरच्या घरचे दोन किशोरला, शाकीबच्या घरचे दोन शाकीबला, आणि उरलेल्या तीस घरांनी एक इकडे, एक तिकडे. कोणी कोणाला विचारलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं ही युक्ती आपल्यालाच सुचली. दोन दाणे हातात असल्यावर कोणाचंच मन मोडायची गरज नव्हती. ज्या बाईजवळ एकच दाणा, तिने तो पाट्यावर ठेवून फोडला. बाकीच्यांनी केलं तेच तिने केलं, फक्त तिला वरवंटा लागला.

मला काय राग आला म्हणता. मी म्हटलं, अहो, मग आलातच कशाला? घरी बसायचं होतं, तेच झालं असतं. लोक खाली पाहायला लागले, पण मला वाटतं त्यांना माझा राग समजलाच नाही. दोघांचा मान ठेवला, यात मॅडमचं काय गेलं? मी मुख्याध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "तुमच्या पातळीवर बघून घ्या." फोन बंद.

मी म्हटलं, चिठ्ठी काढू. तर लोकांना ते पण पटेना. चिठ्ठीच काढायची होती तर आम्हाला कशाला बोलावलं, असं उलट मलाच विचारायला लागले. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, ही दोन अर्धी मतं बाद करा आणि पार्बताबाईने एक पुरा दाणा टाकावा. सगळ्यांना एकदम सुटल्यासारखं झालं. किशोर म्हणाला चालेल. शाकीब म्हणाला चालेल.

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. तिचं मत आता गुप्त राहणारच नव्हतं, ते शाळेच्या अंगणात सगळ्यांसमोर उघडं पडणार होतं. हे मला कळत होतं. पण दीड वाजला होता, माझी मोझरीची एसटी जाणार होती. आणि खरं सांगू, माझ्या मनात पाप होतं. मला वाटलं, आता हिचाच दाणा पडणार तर चूल वाचली. स्वतःच्या कामावर कोण बाई पाणी सोडेल? मला तिची खिचडी पाहिजे होती, सकाळचा चहा पाहिजे होता. मी तटस्थ अधिकारी म्हणून बसले होते आणि मनात लाल डब्यावर मत टाकून मोकळी झाले होते.

मी दाणा तिच्या हातावर ठेवला. ती तो बोटांत फिरवत राहिली. नळाशी खुर्शीदबी चहाचे ग्लास विसळत होती, तिची पाठ आमच्याकडे होती, पण नळ तिने बंद केला होता. पार्बताबाई माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, एक इचारू? तुमी मंगाशी म्हणल्या का मत लेकराचं असते. ते सगळ्यायसाठी म्हणलं, का माह्यासाठीबी?"

मी घड्याळाकडे पाहत म्हटलं, "सगळ्यांसाठीच. मत आकांक्षाचं आहे. जा आता, उशीर होऊन राहिला."

ती आत गेली. या वेळी कडी लावली नाही. श्वास घेऊन सोडायच्या आत बाहेर आली.

निळा डबा ओतला. एक दाणा.

कोणी टाळी वाजवली नाही. किशोरचा चेहराच उतरला. त्याला बस पाहिजे होती, पण अशी नको होती, असं त्याच्याकडे पाहून वाटलं. शाकीबने त्याचा हात हातात घेतला, काहीतरी म्हणाला, आणि गाडीवर बसून गेला. खुर्शीदबीने उरलेले ग्लास विसळले, पालथे घातले, चपला घातल्या आणि पार्बताबाईच्या शेजारून निघून गेली. मीठ-बीठ काही बोलली नाही.

माझी एसटी हुकली. मी स्वयंपाकखोलीत गेले. पार्बताबाई पाटा घासत होती. पाट्याला काय लागलं होतं, एका दाण्याचं टरफल, पण ती घासतच होती. मी तिच्यावर ओरडले. वेड लागलं काय तुम्हाला, म्हटलं, हातचं काम गेलं, खुर्शीदबीचं पण गेलं, आता खाणार काय? बस येईल का नाही याचा भरवसा आहे काय? ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मले बी समजून नाही राहिलं, मॅडम." आणि रडायला लागली. नऊ वर्षांत त्या खोलीत ती कांद्याशिवाय रडलेली मी पाहिली नव्हती. मी चहा ठेवला. साखर कुठे असते तेही मला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर चूल बंद झाली. तिवस्याहून पांढरी गाडी यायला लागली, जेवण झाकलेल्या डब्यांत. वाईट नसायचं. मी चव घ्यायची, 'छान' लिहायची, समोर झाकण घेऊन कोणी उभं नसायचं. स्वयंपाकखोलीत चार कॉम्प्युटर आले. भिंत रंगवली, तेव्हा कोळशाची गणितं पण गेली. आणि बस काही आली नाही. किशोर फिरत होता, ते मी पाहत होते, तिवस्याला गेला, अमरावतीला डेपोत दोनदा गेला. कागद वर गेलाय म्हणायचा. मला त्याचाही राग यायचा, म्हणजे जे जायचं ते लगेच जातं आणि जे यायचं त्याचा कागद वर जातो.

पार्बताबाई कापूस वेचायला जायला लागली. दुपारी कधी शाळेच्या कुंपणापाशी थांबायची आणि लेकरांना विचारायची, आज काय होतं? लेकरं सांगायची. पोट भरलं काय, असं विचारून ती पुढे जायची. खुर्शीदबी पण वेचणीलाच जायची, त्याच शेतात. पण दोघी वेगळ्या ओळी धरायच्या. अख्खा हिवाळा आणि उन्हाळा दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. असं मला आकांक्षाने सांगितलं. मी तिला विचारलं, आजी काय म्हणते? म्हणाली, आजी म्हणते मी चुकली का बरोबर, ते बस आल्यावर समजेल.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी फाट्यावरून आत वळले तर समोरून निळी बस. त्या रस्त्यावर बस आणि स्कुटी मावत नाही. मी गाडी चिखलात उतरवली, पाय घोट्यापर्यंत फसले, आणि पहिल्यांदा मला राग आला नाही. बसमध्ये आठ-नऊ पोरी होत्या. खिडकीशी गजाला, तिच्या बाजूला आकांक्षा. आकांक्षाने मला पाहून हात वर केला, वर्गात उत्तर यायचं तेव्हा करायची तसा.

गावात शिरले तर थांब्यावर दोघी उभ्या. पार्बताबाई आणि खुर्शीदबी. दोघींमध्ये दोन हातांचं अंतर. बस गेली त्या दिशेला पाहत होत्या. दोघींना कामावर जायचं होतं, पण हलत नव्हत्या. मी गाडी थांबवली. मग खुर्शीदबी रस्त्याकडे पाहतच म्हणाली, "पोरी के डब्बे में मीठ कम होगा. तेरे हाथ का है न."

पार्बताबाईने पदर तोंडाला लावला. हसली का रडली, मला काही समजलं नाही. मग म्हणाली, "तुह्या गजालाच्या डब्यात जास्त असन. दोघी मिळून खातीन तं बरोबर होईन."

खुर्शीदबी पुढे निघाली. पार्बताबाई माझ्याजवळ थांबली. मला राहवलं नाही. दहा महिने मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं. म्हटलं, बाई, त्या दिवशी मत लेकराचं असतं असं मी म्हटलं होतं, ते मी नुसतं भाषणात बोलले होते. आणि तुम्ही विचारलं तेव्हा मला एसटीची घाई होती. मी विचार करून सांगितलं नव्हतं.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मी तं खरंच समजली, मॅडम," ती म्हणाली. "मंग आता सांगा नं इचार करून. पोरीची बस आली, हे बरोबर झालं. खुर्शीदचं काम गेलं, माह्यं गेलं, ते चुकलं. दाना तं एकच होता. मंग म्या बरोबर केलं का चूक?"

मी रोज चाळीस वह्या तपासते. बरोबर, चूक, बरोबर, चूक, लाल पेन थांबत नाही. तिच्यासमोर मी स्कुटीच्या चाकातला चिखल पायाने काढत राहिले. ती वाट पाहत उभी राहिली. शाळेत परिपाठाची घंटा झाली, तेव्हा ती म्हणाली, "जा मॅडम, उशीर होऊन राहिला," आणि खुर्शीदबीच्या मागे शेताकडे गेली.